सातचे फाटक

नांदेड ते लातूर हा एस.टी.चा प्रवास मी आयुष्यात किती वेळा केला, त्याची गणती नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे मला डोळे मिटूनही ओळखता येतात. पण 2024 च्या दिवाळीआधीचा प्रवास मात्र चांगलाच लक्षात राहिला. मांडीवर फराळाचा डबा होता आणि शेजारी अक्का होती. कंडक्टरने दोन अर्धी तिकिटे फाडली तशी तिने विचारले,

“माझं अर्धं कशाबद्दल? वय झालं म्हणून, की बाई म्हणून?”

“कसंही धरा, मावशी. पैसे तेवढेच.”

“दोन्ही धरलं तर फुकटच व्हायला पाहिजे!” अक्का म्हणाली, आणि सारी गाडी हसली.

आम्ही निघालो होतो नातीला भेटायला. ती लातूरला फार्मसी शिकते आणि वसतिगृहात राहते. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता. परीक्षा जवळ आलेली. कॉलेजचे ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे. पण मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला बंद!

“बरंच आहे,” मी म्हणालो. “आम्हांला काळजी नाही.”

अक्का भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “आणि मुलांचं फाटक?”

“मुलांच्या वसतिगृहालाही फाटक आहे, आजी,” फोनवरून उत्तर आले, “पण ते लावताना कुणी पाहिलेलं नाही.”

अक्काचा हा प्रश्न काही फोनपुरता नव्हता. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. 1970 साली ती पहिल्या वर्गात मॅट्रिक झाली. एके काळी आमच्याकडच्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि उस्मानियात उर्दूतून शिकावे लागे. पण 1950 साली नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले, 1958 साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, 1961 साली लातुरात दयानंद महाविद्यालय आले. विद्या दाराशी आली होती. उंबरठा तेवढा ओलांडायचा होता. अण्णा म्हणाले, “दोन वर्षांनी धाकट्याला घालायचंय. पैसे त्याच्यासाठी राहू देत.” धाकटा म्हणजे मी. मला मॅट्रिकला दुसरा वर्ग मिळाला. माझ्या पुस्तकांना अक्काने कव्हरे घातली, ती वाचली, आणि मला न समजलेले मला समजावूनही दिले. पदवी मात्र माझ्या नावावर लागली.

तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले. गेले खरे. 1994 साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. 2021-22 च्या सरकारी पाहणीत देशातल्या 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी 2.07 कोटी मुली निघाल्या. 2024 पासून तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास वर्गांतल्या घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी राज्य सरकारने पुरती माफ केली. पैशाची सबब संपली. वर्गात अर्ध्या मुली बसू लागल्या. पण दिवसाचे तास अजून सारखे वाटले गेले नव्हते.

लातूरला पोचल्यावर मी तडक वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंना गाठले. नातीच्या वतीने भांडायची मी पूर्ण तयारी केली होती. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि कपाटातून एक कागद काढला.

“आजोबा, ही वेळ पालकांनीच मागितली आहे. हे बघा.”

‘सायंकाळी सातनंतर मुलीस बाहेर सोडू नये.’ खाली पालकाची सही. जावई पुण्याला नोकरीला, म्हणून प्रवेशाच्या दिवशी सारे कागद मीच भरले होते. सही माझी होती.

अक्काने चष्मा लावला. कागद सावकाश वाचला.

“सही छान आहे तुझी,” ती म्हणाली. “अगदी अण्णांसारखी.”

अण्णा दुष्ट नव्हते. मीही नाही. त्यांना पैशाची काळजी होती, मला अंधाराची. पण दोन्ही काळज्यांचे बिल मुलीच्याच नावावर फाटले!

त्याच टेबलावर मी दुसरा कागद मागून घेतला. सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांतच म्हटले आहे, हे नातीने सांगितले. ते लिहिले. शेवटी अक्काने एक वाक्य घालायला लावले: ‘मुलींना कोंडण्याऐवजी रस्त्यावर दिवे लावावेत.’ पुढे आणखी सतरा पालकांनी सह्या केल्या. तिघांनी नकार दिला. त्यांना मी नावे ठेवत नाही. महिन्यापूर्वी मीही त्यांच्यातच होतो.

आता ते फाटक सव्वादहाला लागते. ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत चार दिवे आले आहेत. परवा रात्री साडेनऊला नातीने फोन केला आणि कुजबुजत म्हणाली, “आजी, मी ग्रंथालयात आहे. इथं बोलायला बंदी आहे.”

“मग ठेव की बाई!” अक्का म्हणाली, आणि कितीतरी वेळ फोन तसाच कानाला लावून बसली.

सात वाजले की माझी नजर अजून घड्याळाकडे जाते. काळजी कुठे गेली आहे? फक्त ती आता मी माझ्याजवळ ठेवतो.