कोणत्या बोटांना?

पंचेचाळिशी उलटलेल्या बाईने हातापायांना मुंग्या येतात म्हटलं, की घरात उत्तर तयार असतं : ‘पाळी जायची वेळ आलीय, चालायचंच.’ न्यूरॉलॉजिस्ट म्हणून मला या ‘चालायचंच’ची धास्ती वाटते. कारण तेवढ्यावर तपासणी वर्षभर तरी लांबते, आणि नसांच्या बाबतीत वर्ष हा फार मोठा काळ असतो.

ते उत्तर अगदीच खोटं नाही. इस्ट्रोजेनचा प्रभाव नसांवर आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवरही असतो. त्याची पातळी वरखाली होऊ लागली की काही जणींना गरम वाफांबरोबर बोटांत झिणझिण्या येतात, कातडीवर काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं. वाफेबरोबर धडधड वाढली, श्वास भराभर होऊ लागला, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मोकळं कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं आणि ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. श्वास संथ झाला की त्या जातात. अशा आल्या-गेल्या मुंग्यांची मला फारशी चिंता नसते. चिंता असते ती ठाण मांडून बसणाऱ्या मुंग्यांची.

भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते. नेमक्या याच वयात मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि मानेच्या मणक्यांची झीजही डोकं वर काढतात. म्हणून मी वय नंतर विचारतो; आधी विचारतो, कोणत्या बोटांना? आणि केव्हा?

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी मात्र ठीक. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. एवढं ऐकलं की मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दबत असल्याचा, म्हणजे कार्पल टनेलचा संशय बळावतो. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि चाळिशी ते साठीत विशेष दिसतो. थायरॉइड मंदावलेलं असेल किंवा मधुमेह असेल, तर त्याची शक्यता आणखी वाढते. कणीक मळणं, कपडे पिळणं यांनी त्रास वाढतो. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बऱ्याच जणींना पुरतो. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होऊ लागला, तर मात्र शस्त्रक्रियेला उशीर करू नये.

दोन्ही तळपायांपासून सुरू होऊन मोज्यासारख्या वर चढणाऱ्या मुंग्या ही वेगळी गोष्ट. इथे पहिला संशय साखरेचा. साखरेच्या चाचणीत एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं, तर मधुमेह धरायचा. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसरा संशय बी-ट्वेल्व्हचा. शाकाहार, त्यातही दूध-दही कमी. किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. किंवा ॲसिडिटीची गोळी रोजची. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का, हे मी आवर्जून विचारतो, कारण या कमतरतेत पाठीचा मज्जारज्जूही दुखावतो. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांची हानी आतून चालूच राहते. उलट टोकाला, ‘नसांची ताकद’ म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्यांत बी-सिक्सचा डोस मोठा असेल आणि त्या महिनोन्महिने घेतल्या, तर त्यांनीच नसा बिघडतात.

करंगळीकडच्या बाजूला बधिरपणा, कोपरामागची नस जाड झालेली, सोबत अंगावर संवेदना नसलेला फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करायलाच हवी. महाराष्ट्रातून तो संपलेला नाही. लाजेने वेळ दवडू नये. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

दोन प्रसंगी मात्र ओपीडीची वाट बघायची नाही. एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर लगेच १०८. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. आणि पायांपासून वर सरकणाऱ्या मुंग्यांबरोबर एक-दोन दिवसांत उठता-बसता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा या लक्षणाची ओळख अनेक घरांना झाली.

बाकीच्यांसाठी सुरुवात साधी आहे : साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन, कॅल्शियम आणि एकदा हातापायांची नीट तपासणी. गरज पडली तरच नसांची विद्युत चाचणी. हे सगळं ठीक निघालं, तर ‘पाळी जातेय म्हणून’ हे उत्तर मीही आनंदाने देतो. ते शेवटी यावं, एवढंच माझं म्हणणं. दवाखान्यात येताना कागदावर दोन्ही पंजे आणि पावलं रेखून मुंग्यांच्या जागा रंगवा, वेळा लिहा. तो कागद पुष्कळदा महागड्या एमआरआयचा खर्च वाचवतो.