मायना

चांगदेवाने आळंदीला पत्र पाठवायचं ठरवलं तेव्हा त्याला अडचण पडली ती मायन्याची. ज्ञानेश्वर वयाने लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर आपण चौदाशे वर्षांचे. मायना काही ठरेना आणि कागद कोराच गेला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या आणि पुढे मुक्ताई चांगदेवाची गुरू झाली, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या नावाचं चांगदेव हे गाव तापी-पूर्णेच्या संगमावर आहे आणि विधानसभेच्या यादीत ते 20 क्रमांकाच्या मतदारसंघात मोडतं. या मतदारसंघाचं आजचं नाव मुक्ताईनगर, त्याआधीचं एदलाबाद. जुनी माणसं येदलाबाद म्हणायची.

या मतदारसंघाला मात्र मायन्याची अडचण कधी पडली नाही. ज्याला मुंबईला पाठवलं त्याला त्याने पहिल्या ओळीतच नात्यात घेतलं. प्रतिभाताई. नाथाभाऊ. खानदेशाची ही रीतच आहे. जळगावला सुरेशदादा, जामनेरला गिरीशभाऊ, तापीपलीकडे शिरपूरला अमरिशभाई. पण एदलाबादच्या तोंडी ताई आणि भाऊ हे शब्द येतात तेव्हा त्यांना वर्षांचं वजन असतं. एकदा ताई म्हटलं की दीड तप म्हणायचं, एकदा भाऊ म्हटलं की अडीच तपं. या मतदारसंघाचा स्वभाव मी असा ओळखतो. तो सावकाश जवळ करतो आणि फार काळ जवळ ठेवतो.

अंगाने तो दोन रंगांचा. सावद्याच्या बाजूला काळी जमीन, ठिबकाच्या नळ्या आणि केळीचे मळे. सावदा स्टेशनातून दिल्लीकडे केळीच्या वाघिणी जाऊ लागल्या तेव्हापासून तिथल्या माणसाचं अर्धं लक्ष दिल्लीच्या भावाकडे असतं. बोदवडच्या बाजूला मात्र कोरडवाहू कपाशी, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं आणि वर्षानुवर्षं कानावर पडणारं बोदवड उपसा सिंचनाचं नाव. मधून तापी जाते, खाली हतनूरचं धरण आहे. पावसाळ्यात धरणाचे 41 दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा एका अंगाला पुराची धास्ती असते आणि दुसऱ्या अंगाला विहिरीत किती पाणी उतरलं याची चौकशी. एकाच मतपेटीत या दोन्ही काळज्या पडतात. उत्तरेला बऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश. पूर्वेला मलकापूर, म्हणजे विदर्भ. लेवा गणबोली, तावडी, बंजारा, उर्दू, बऱ्हाणपूरकडून येणारी हिंदी, इतक्या बोली याच्या कानात आहेत. एकाच बोलीत, एकाच जातीत बोलणाऱ्याला हा पुरता कधी हाती लागला नाही.

1967 साली याने पहिली मोठी निवड केली. प्रतिभा पाटील तेव्हा 32 वर्षांच्या होत्या. जन्म नाडगावचा, जे आता बोदवड तालुक्यात आहे. शिक्षण जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात आणि मुंबईच्या विधी महाविद्यालयात. 1962 साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून आमदार झाल्या होत्या. पाच वर्षांनी त्या एदलाबादला आल्या आणि एदलाबादने त्यांना 1967, 1972, 1978 आणि 1980 अशा ओळीने चार निवडणुका दिल्या. ही चार वर्षं नुसती शेजारी मांडून वाचली तर काही वाटत नाही. त्या काळची हवा आठवली म्हणजे त्यांची किंमत कळते. 1967 साली देशभर काँग्रेसचे गड ढासळत होते. 1972 ची निवडणूक बांगलादेशच्या विजयानंतरची, साऱ्या देशाला इंदिराबाईंनी भारून टाकलेलं होतं. 1978 ची आणीबाणीनंतरची, खुद्द काँग्रेसच दुभंगलेली. 1980 साली पुन्हा उलटा वारा. वारा चार दिशांनी वाहिला आणि एदलाबादने चारही वेळा एकाच बाईच्या नावावर शिक्का मारला. लाटेने निवडून आलेल्याला लाट ओसरल्यावर घरी जावं लागतं. इथे तसं झालं नाही, म्हणजे हे मत लाटेचं नव्हतं.

ज्या काळात खेड्यातली सून उंबऱ्याबाहेरच्या पाहुण्याशी डोक्यावरचा पदर सावरूनच बोलायची, त्या काळातली ही गोष्ट आहे. त्या घरांनी एका तरुण बाईला राज्याचा कारभार बघायला पाठवलं आणि तिच्यात ताई पाहिली. जुलै 1979 ते फेब्रुवारी 1980 या काळात त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. 1985 साली त्या राज्यसभेवर गेल्या आणि एदलाबादशी आमदारकीचा धागा सुटला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 25 जुलै 2007 ला त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, देशातल्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून. त्या सोहळ्याला खानदेशाची छाती भरून आली होती. बोदवडच्या एखाद्या म्हातारीने ‘माझी पोर’ म्हटलं असेल तर त्यात अतिशयोक्ती नव्हती, तिने चार वेळा त्या नावावर स्वतःच्या हाताने शिक्का मारला होता.

मधली पाच वर्षं सोडून देऊ. 1989 साली घटनेची एकसष्टावी दुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. फेब्रुवारी 1990 ची विधानसभा ही अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची पहिली विधानसभा. त्याच निवडणुकीत या मतदारसंघाने कोथळीच्या एकनाथ खडसे यांना, म्हणजे नाथाभाऊंना, निवडलं. या मुलखाच्या इतिहासात ते केवढं वळण होतं, हे समजायला सावद्यापासून जवळच्याच फैजपूरकडे बघावं लागतं. डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी मुक्कामाला होते. त्या अधिवेशनाच्या आठवणी सांगणारी घरं या पट्ट्यात कितीतरी वर्षं होती आणि काँग्रेस हा त्यांच्या लेखी पक्ष नसून घरचं वळण होतं. अशा जागी भारतीय जनता पक्षाचं कमळ एकदा उमललं आणि मग सहा निवडणुका उमलतच राहिलं : 1990, 1995, 1999, 2004, 2009, 2014.

याचं श्रेय पक्षाला किती आणि माणसाला किती, हा वाद इथल्या पारावर अजून चालतो. माझं मत माणसाच्या बाजूने पडतं. आमदाराची परीक्षा विधानभवनात होत नाही. डीपी जळाली, ऐन उन्हात केळीला पाणी तुटलं, वादळात उभा मळा झोपला, तर फोन कोणाला लावायचा, या प्रश्नाच्या उत्तरात ती होते. या उत्तरात अडीच तपं एकच नाव होतं. 1995 नंतरच्या युती सरकारात खडसे पाटबंधारे आणि अर्थ खात्यांचे मंत्री झाले, 2009 ते 2014 विरोधी पक्षनेते राहिले, 2014 साली महसूलमंत्री झाले आणि जून 2016 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विरोधी पक्षनेत्याची खुर्ची या एकाच मतदारसंघाकडे अशी दोनदा आली, एकदा काँग्रेसच्या ताईंकडे आणि एकदा भाजपच्या भाऊंकडे. सरकारला जाब विचारणारी माणसं या मातीत पिकतात, याचा मला अभिमान वाटतो.

मधल्या काळात 2008 ची पुनर्रचना झाली. नकाशावरच्या रेघा हलल्या की मतदारसंघाचं नशीबच बदलतं. शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव झालं आणि 1990 पासून तिथे निवडून येणाऱ्या अमरिशभाई पटेलांना ती जागा सोडावी लागली. चोपडाही राखीव झालं. एदलाबादचं आरक्षण बदललं नाही, नाव तेवढं बदललं. 2009 पासून मतपत्रिकेवर आणि यंत्रावर मुक्ताईनगर आलं. लोकसभेसाठी तो नव्या रावेर मतदारसंघात गेला आणि विदर्भातलं मलकापूर त्याचं सख्खं भावंड झालं.

तडा पहिल्यांदा दिसला तो 2014 मध्ये. युती तुटली. ती तुटल्याची घोषणा खडसेंनीच केली होती. मग शिवसेनेचे चंद्रकांत पाटील त्यांच्यासमोर उभे राहिले. खडसे जिंकले, पण अंतर दहा हजारांच्या आत आलं. इतकी वर्षं नातं जपणारा माणूस एके दिवशी उत्तर द्यायला जरा वेळ लावतो, तसं ते होतं. 2019 साली युती पुन्हा जुळली. खडसेंना उमेदवारी मिळाली नाही, त्यांच्या कन्या रोहिणी खडसे यांना मिळाली. चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले. 24 ऑक्टोबरला मतमोजणी झाली, फेरीगणिक लीड वर-खाली झालं आणि शेवटी पाटील 1,957 मतांनी निवडून आले. तीस वर्षांची गाठ एवढ्या मतांनी सुटली. पुढच्या वर्षी खडसे राष्ट्रवादीत गेले, 2022 साली शिवसेना फुटली, पक्षांच्या पाट्या उलटसुलट झाल्या. 20 नोव्हेंबर 2024 ला त्याच दोघांची पुन्हा गाठ पडली. पाटील आता शिंदे यांच्या शिवसेनेचे, रोहिणीताई शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या. या वेळी अंतर 23 हजारांच्या वर गेलं.

निकालानंतर सगळे जातींची गणितं आणि कोणी आतून कोणाचं काम केलं याच्या कहाण्या सांगत होते. त्यातलं बरंचसं खरं असेल. मला मात्र मायन्याकडे परत यावंसं वाटतं. हा मतदारसंघ ताई म्हणतो, भाऊ म्हणतो, तेव्हा ते नातं तो स्वतः लावतो. दुसऱ्याच्या नात्याने आलेल्याला त्याच्याकडे तयार शब्द नसतो. रोहिणीताईंनी जिल्हा बँकेचं अध्यक्षपद सांभाळलेलं, वकिलीचं शिक्षण घेतलेलं, बोलायला धीट. पण प्रचारात प्रत्येक ओटीवर त्यांची ओळख ‘नाथाभाऊंची लेक’ अशी करून दिली जायची. लेकीचं कौतुक होतं, तिला साडी-चोळी मिळते, शेताचा सातबारा सहजासहजी मिळत नाही. खानदेशातल्या कुठल्याही लेकीला हे सांगावं लागत नाही.

माझं हे म्हणणं सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. खडसेंच्या सूनबाई रक्षा खडसे कोथळीच्या सरपंचपदापासून सुरुवात करून 2014, 2019 आणि 2024 अशा तीन वेळा रावेरमधून लोकसभेवर गेल्या आणि केंद्रात राज्यमंत्री झाल्या. पण लोकसभेचं आवार मोठं असतं, तिथे दिल्लीच्या नावाने मत पडतं. विधानसभेला डीपीचा फोन आठवतो.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. यवनी वळणाचं एदलाबाद हे नाव असताना या मतदारसंघाने एका बाईला चार वेळा निवडून दिलं. मुक्ताईचं नाव घेतल्यापासून चार निवडणुका झाल्या आणि एकदाही बाई निवडून आली नाही. ज्या मुक्ताईने चांगदेवासारख्या वृद्धाला शिकवलं, जी तापीच्या काठी वीज कडाडली तेव्हा गुप्त झाली म्हणतात, तिचं नाव पाटीवर आहे. आषाढीसाठी कोथळीहून तिची पालखी निघते, महिनाभराहून जास्त चालत पंढरपूरला पोचते आणि त्या वाटेवर डोक्यावर तुळस घेतलेल्या बायाच जास्त असतात.

बाईचं नाव मतदारयादीत येणंही एके काळी सोपं नव्हतं. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदारयादीतून काढावी लागली होती. त्या आपलं नाव सांगायला तयार नव्हत्या. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच त्यांनी लिहून दिलं होतं आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं. ती बहुतेक नावं उत्तरेकडच्या राज्यांतली होती. पण एदलाबादच्या म्हाताऱ्यांना ते दुखणं परकं नव्हतं. घरात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे.

आता बोदवडच्या शाळेतल्या खोलीसमोर बायांची वेगळी रांग लागते. सकाळचं पाणी भरून, भाकरी करून त्या आलेल्या असतात. प्रत्येकीच्या हातात मतदार चिठ्ठी, तीवर यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि तिचं स्वतःचं नाव. टेबलाशी बसलेला कर्मचारी ते नाव मोठ्याने वाचतो, एजंट आपापल्या यादीत खूण करतात, ती ‘हो’ म्हणते आणि बोट पुढे करते.