उराची पिसे

परवा माझा मुलगा आइसलँडची सफर करून घरी आला. मार्गशीर्षाचे दिवस, वारणाकाठी उसाचे गाळप ऐन भरात, आणि वारणानगरात रात्री पांघरुणाबाहेर हात काढवत नाही अशी थंडी. अशा वेळी त्याने मला तिकडच्या एका समुद्री बदकाची चित्रे दाखविली.

आयडर हे त्याचे नाव. नर मोठा डौलदार : पाठ पांढरीशुभ्र, पोट आणि माथा काळा, मानेमागे पोपटी छटा. मादी मात्र तपकिरी. घरट्यावर बसली की खडकाचाच तुकडा वाटावी. समुद्रात बुडी मारून शिंपले काढावेत, ते अख्खे गिळावेत आणि पोटात भरडावेत, हा या जातीचा चरितार्थ.

चक्रवाकाच्या जोडीचे गोडवे आपल्या कवींनी पुष्कळ गायिले. आयडरच्या नरावर कोणी काव्य रचील असे वाटत नाही. मादी अंडी उबवू लागली की स्वारी समुद्राकडे चालती होते! मागे ती एकटी, चार-सहा अंडी आणि बोचरा वारा. मग ती आपल्याच उरावरची मऊ पिसे उपटून घरट्यात अंथरते, आणि सुमारे २६ दिवस जवळजवळ उपाशी बसून राहते. तेथील शेतकरी ती पिसे वेचून दुलया भरतात. किलोभर पिसांना साठेक घरटी लागतात. पिसे उचलून ते त्या जागी सुके गवत ठेवतात, आणि ती त्यावरही बसते.

हे ऐकता ऐकता मला माझी वाकळ आठवली. कोल्हापुरास शिकावयास निघालो तेव्हा आईने ती शिवून दिली होती. वसतिगृहात सोबत्यांच्या रंगीत रगांपुढे मला तिची लाज वाटली. दिवाळीत ती घरी नेऊन टाकली आणि रग मागितला. आईने मुकाट्याने पैसे दिले. ती गेल्यावर आत्याने सांगितले, "अरे, वाकळेचं वरचं लुगडं जुनं नव्हतं. तीनच होती तिची; त्यातलं नवं तुझ्यासाठी फाडलं."

आइसलँडचा शेतकरी पिसे नेतो खरा. पण कोल्ह्यापासून त्या पाखराची राखण तरी करतो. मी तर गवताची काडीदेखील ठेवली नाही.

त्या रात्री माळ्यावरची वाकळ खाली काढली. मुलगा म्हणाला, "बाबा, केवढी जड आहे ही!"

जड आहे खरीच.