माळावरचं सोयाबीन मोडू की ठेवू?

आज २ सप्टेंबर २०२३. आमची पेरणी ५ जुलैची, म्हणजे सोयाबीन ५९ दिवसांचं झालं. शेंगा धरायच्या दिवसांत फूल गळून पडतंय. हवामान खातं म्हणतंय, १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. इथं लातूर जिल्ह्यात आम्हाला ते रानातल्या भेगांनीच सांगितलं.

पाच एकर सोयाबीन आहे. दोन एकर बोअरजवळचं काळं रान, तीन एकर माळ. काल रात्री दादांसोबत हिशेबाला बसलो.

माळावर एकरी दोन क्विंटल निघालं तरी नशीब. हमीभाव ४,६०० धरला तर ९,२०० रुपये. काढणीचं गुत्तं एकरी चार हजार, वर मळणी. उरले साडेचार हजार. बियाणं, खत, फवारणीत याच्या दुप्पट आधीच गेलेत. मी म्हणलं, "दादा, रोटाव्हेटर मारू. एखादा पाऊस झाला की ज्वारी पेरू, कडबा तरी होईल."

दादा म्हणाले, "मोड की. पण पंचनाम्याला आलेल्या माणसाला काय दाखवशील, ढेकळं?"

इथंच सगळं अडलं. यंदा १ रुपयात विमा भरलाय. मंडळात सलग २१ दिवस खंड पडला आणि अपेक्षित उत्पन्न सरासरीच्या निम्म्याखाली गेलं, तर भरपाईतले २५ टक्के आगाऊ मिळतात. पण पाऊस मोजतात मंडळाच्या ठिकाणी. मधे तिथं एक सर पडली म्हणे. आमच्या माळावर धूळसुद्धा बसली नाही.

बोअर आता पाऊण तास चालतं, मग गचके देतं. त्याच पाण्यावर दोन म्हशी, एक गाय आणि घरातली सहा माणसं जूनपर्यंत काढायची आहेत.

शेवटी ठरलं ते असं: काळ्या रानाला रात्री स्प्रिंकलरनं एकच पाणी. दुसरं नाही, ते जनावरांचं. माळावरचं आहे तसं उभं ठेवायचं.

हे चुकीचं आहे हे मला कळतं. करपत आलेलं पीकसुद्धा उरलीसुरली ओल पितंच, म्हणजे ज्वारीचाही घास जातोय. तरी ठेवतोय, कारण ते मोडलं तर नुकसानीचा पुरावाच मोडला.

म्हणून प्रशासनाला एवढंच मागणं आहे. पाहणी दहा दिवसांत उरका, आणि पाहणीनंतर पीक मोडलं तर विम्याला बाध येणार नाही, हे चावडीवर लेखी लावा. मदत किती मिळेल ते नंतर बघू. निदान आमच्या रानाचा निर्णय आम्हाला वेळेत घेऊ द्या.

तुमच्या मंडळात पाहणी झाली का? झाली असेल तर गाव आणि तारीख खाली लिहा. सगळी यादी घेऊन सोमवारी तहसीलला जाणार आहे.