मीठा पानी

आमच्या होस्टेलवर ट्रिपचे प्लॅन दोनच ठिकाणी शिजतात, मेसच्या रांगेत आणि सबमिशनच्या आदल्या रात्री. बहुतेक सगळे गोव्याचे असतात आणि बहुतेक सगळे फिसकटतात. अंदमानचा फिसकटला नाही, याचं सगळं श्रेय माझ्या रूममेटच्या दाजींना. ते सरकारी नोकरीत बदली होऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च शून्य म्हटल्यावर आमच्यासारख्यांची गणितं एकदम सुटायला लागतात. (पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. आम्ही गेलो ते त्याआधी मे महिन्यात, म्हणून जुनंच नाव लिहितो. हॅवलॉकचं स्वराज द्वीप तर 2018 च्या डिसेंबरातच झालंय, पण जेट्टीवर अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात.)

आम्ही चौघं. एक मेकॅनिकलचा, एक सिव्हिलचा, एक ई अँड टीसीचा, आणि मी कॉम्प्युटरचा. मी लातूर जिल्ह्यातला. हे सांगावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सेल्युलर जेल पाहिलं. त्यावर दोन ओळींत लिहिणं बरं नाही, ते कधीतरी वेगळं लिहीन. तिथून सरकारी बोटीनं हॅवलॉकला आलो. आता बेटावर गेलं की लोक ज्यासाठी जातात ते करायचं, म्हणजे बोटीनं फिरायचं. जेट्टीवरून एलिफंट बीचला जाणाऱ्या स्पीडबोटी होत्या, पण त्यात लाइफ जॅकेट घालून रांगेत बसा, तिकडे ठरलेली वेळ काढा आणि परत या, असा प्रकार. मेकॅनिकलवाला म्हणाला, "आपण स्वतंत्र बोट करू. प्रायव्हेट!" हा शब्द त्यानं असा काही उच्चारला की जणू आमच्या चौघांच्या मालकीचं जहाज बंदरात उभं होतं. शेवटी गोविंदनगरच्या किनाऱ्यावर (तिथे गावांना आणि बीचना नंबर आहेत, हा तीन नंबर) एक बोटवाले दादा सापडले. अर्ध्या दिवसाचे चार हजार म्हणाले, छत्तीसशेवर तुटलं. माणशी नऊशे. मेसचं बिल आठवून पोटात खड्डा पडला, पण गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी, 19 मे 2024 ला, पहाटे पाचला निघायचं ठरलं. अंदमान एवढं पूर्वेला की पाचलाच उजाडतं, घड्याळ मात्र आपलंच. पण लवकर निघायचं खरं कारण वेगळं होतं. त्या बाजूचा किनारा उथळ आहे. ओहोटी लागली की पाणी लांबवर मागं जातं, खडक उघडे पडतात आणि बोट मुक्कामाला. चंद्राच्या टाइमटेबलला एक्स्टेन्शन मिळत नाही, हे आमच्या रूममेटला पहिल्यांदा कळलं.

बोट म्हणजे लाकडी डुंगी. लांबट, अरुंद, मध्ये इंजिन, वर चार बांबूंवर निळी ताडपत्री. दादांनी इंजिनाचं हँडल घातलं, वरची दांडी उचलून प्रेशर सोडलं, गरगर फिरवलं आणि दांडी खाली टाकली. टुक... टुक... टुक-टुक-टुक. मी चमकलोच. हा आवाज माझ्या ओळखीचा! आमच्या विहिरीवर लाइट नसली की हेच एक सिलेंडरचं डिझेल इंजिन चालायचं. अगदी तसंच हँडल, तसाच धूर. अण्णा हँडल मारायचे आणि दांडी टाकायचं काम माझं. तिथे ते पाणी ओढायचं, इथे पाणी ढकलत होतं. मेकॅनिकलवाला लगेच वाकून बघायला लागला. बोटीच्या बाजूला एक नळी होती, तिच्यातून थंडाईचं पाणी बाहेर पडत होतं. दादा समुद्राकडे कमी आणि त्या नळीकडे जास्त बघत होते. धार बंद पडली की इंजिन तापलं समजायचं. आमच्याकडेही असंच होतं, फक्त धार बंद पडण्याचं कारण बहुतेकदा विहिरीचा तळ असायचा.

आम्हाला जायचं होतं एलिफंट बीचला. दादा म्हणाले, "आज उधर नहीं." का? तर नैऋत्येचा वारा सुटलाय, बेटाच्या त्या अंगाला पाणी खवळलेलं असणार. या अंगाला, पूर्वेकडे, मध्ये डोंगर आणि जंगल आड येतं म्हणून शांत. मेकॅनिकलवाल्यानं "पण प्रायव्हेट बोट आहे ना" असा मुद्दा मांडून पाहिला. दादा हसले नि सुकाणू दक्षिणेला, काला पत्थरकडे वळवलं. प्रायव्हेट बोटीचा अर्थ तेव्हा समजला. स्पीडबोटीत शंभर ट्रिपांचा एक ठरलेला रस्ता असतो. इथे एक माणूस त्या दिवसाचा वारा बघून आपल्यापुरता रस्ता ठरवतो. नऊशे रुपये त्याचे होते.

बोटीच्या नाळेशी एक वीस लिटरचा कॅन दोरीनं बांधलेला होता. दादांनी आधीच बजावलं, "इसमें मीठा पानी है. पीने का. नहाने के बाद एक-एक मग, बस." ई अँड टीसीवाला कोल्हापूरचा, हिंदी त्याच्या वाट्याला गेलेली नाही. तो मला हळूच म्हणाला, "मिठाचं पाणी कॅनमध्ये कशाला भरून आणलंय रे? खाली काय कमी आहे?" आम्ही हसून हसून बोट डोलवली. पण नंतर वाटलं, विचारलं त्यात चूक काय होतं? जिथे मीठ आपला अर्थ बदलतं तिथे माणूस गोंधळणारच.

एका ठिकाणी नांगर टाकला. मास्क लावून उतरलो. मी पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. 2016 ला आमच्याकडे विहीर कोरडी होती आणि मी लातूरला आत्याकडे शाळेला. तेच ते वर्ष, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची यायला लागली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. मी सहावीत होतो, आम्हाला ती गाडी म्हणजे जत्रा वाटायची. आत्याच्या घरी आंघोळीचं पाणी परातीत धरून ठेवायचे आणि त्यानं फरशी पुसायचे. गंमत अशी की त्याच वर्षी सप्टेंबरात इतका पाऊस झाला की मांजरा धरण भरलं, आमची विहीरही भरली, आणि दिवाळीत मी पोहायला शिकलो.

तर असा माणूस समुद्रात उतरला. खाली प्रवाळ, त्यात निळे-पिवळे मासे. बरंचसं प्रवाळ मात्र करडं, मोडलेल्या फांद्यांच्या ढिगासारखं. दादा म्हणाले, 2010 ला पाणी तापलं तेव्हा पांढरं पडून मेलं, त्यातलं थोडंच परत जगलं. त्यावर पाय ठेवायचा नाही ही त्यांची सक्त ताकीद. विहिरीत दमलं की चार हात मारले की कठडा. इथे कठडा नाही, खाली पाय टेकायची परवानगी नाही. मला सगळ्यात विचित्र वाटलं ते वेगळंच. तोंडात पाणी गेलं, थुंकलो, आणि मनात आलं, एवढं पाणी! आणि यातला एक तांब्याही कामाचा नाही.

वर आलो, एकेक मग डोक्यावर ओतला. मी अर्ध्या मगात भागवलं. दादांनी ते पाहिलं. "तुम किधर का है?" मी गाव सांगितलं, रेल्वेचं सांगितलं. त्यांना खरं वाटेना. मग त्यांचं सांगणं सुरू झालं. आजोबा पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आले, सरकारनं 1950 च्या दशकात इथे जंगल तोडून जमिनी दिल्या. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. (आमचा सात-आठशे.) तरी मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या गावात पाण्याची बोंब. पडतं ते सगळं उतारावरून समुद्रात जातं, धरून ठेवायला जागा कमी, त्यात हॉटेलं वाढली. तेव्हा तेही आभाळाकडे बघत होते. फक्त आमच्यापेक्षा तीन आठवडे आधी.

इथे मला अण्णांचं सांगायला हवं. आमच्या घरी अंदमान हा शब्द मी इतिहासाच्या पुस्तकात वाचायच्या आधी ऐकलाय. दर मे महिन्यात बातम्यांत यायचं, 'मान्सून अंदमानात दाखल', आणि अण्णा टीव्हीचा आवाज वाढवायचे. पुढे केरळ, साधारण 1 जून. मग आणखी आठ-पंधरा दिवसांनी आमचं शिवार, म्हणजे आला तर. 2023 ला आला आणि ऑगस्टभर गायब झाला. सोयाबीन शेंगा भरायच्या वेळेला वाळलं. त्यामुळे 2024 च्या मे महिन्यात घरी बियाणं उधारीवर घ्यायचं की थांबायचं, यावर रोज बोलणं चालू होतं. मी अंदमानला चाललोय म्हटल्यावर आई म्हणाली, "जप." अण्णा एवढंच म्हणाले, "आला का बघ."

सव्वाआठच्या सुमाराला वारा एकदम पडला. दादा उठून उभे राहिले. आम्हाला काहीच दिसत नव्हतं, कारण ढग डोंगरामागे होता. त्यांनी बोट दाखवलं ते झाडांच्या शेंड्यांकडे. शेंडे हलत होते आणि पाणी आरशासारखं स्थिर. मिनिटभरात त्यांनी बोट किनाऱ्याच्या आडोशाला घेतली, दुसरा नांगर टाकला, इंजिनावर पोतं घातलं. मग जंगलावरून ते काळं आलं. थंड वारा, आणि समुद्रावर पांढरे फटके मारत पाऊस. ई अँड टीसीवाला दोन्ही हातांनी बांबू धरून बसला होता. खरं तर सगळेच भ्यायलो होतो, फक्त दादा ताडपत्रीची एक दोरी सोडत होते.

ते काय करताहेत हे मला आधी कळलं. मी दुसऱ्या बाजूची दोरी सोडली. ताडपत्री मध्ये वाकली, एका कोपऱ्यातून पाण्याची धार लागली. मी कॅन पुढे केला तर दादा ओरडले, "अभी नहीं! पहले वाला छोड़ो!" ताडपत्रीवर समुद्राचे तुषार उडून मीठ बसलेलं असतं, ते आधी धुऊन जाऊ द्यायचं. सिव्हिलवाला त्या वादळात ओरडला, "अरे, फर्स्ट फ्लश!" रेन वॉटर हार्वेस्टिंगचा प्रश्न त्यानं आठ मार्कांना लिहिला होता म्हणे. प्रॅक्टिकल आज झालं. थोड्या वेळानं दादांनी ओंजळ धरून चव घेतली, मान हलवली, आणि आम्ही कॅन भरायला लागलो. मग डिझेलचा नसलेला एक डबाही. भिजून गारठलो होतो, पण धार कॅनमध्ये पडतानाचा आवाज जसजसा बारीक होत गेला तसं मला फार बरं वाटत होतं. हा आवाज ज्यानं टँकरखाली उभं राहून ऐकलाय त्यालाच कळेल.

अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. ओहोटी लागायच्या आत परत निघालो. जेट्टी दिसायला लागली तशी मोबाइलला रेंज आली. ई अँड टीसीवाल्याचं रक्त आता परत वाहू लागलं होतं, त्यानं सांगितलं की चेन्नईहून समुद्राच्या तळानं ऑप्टिकल फायबर टाकली आहे, 2020 पासून चालू, सुमारे 2300 किलोमीटर. मी त्या केबलच्या जिवावर घरी फोन लावला.

"पाऊस पडलालाय का तिकडं?" अण्णांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. ('पडलालाय'वरून होस्टेलात माझी पुष्कळ टिंगल झाली आहे. असू दे.)

आता काय सांगायचं? मला माहीत होतं की अंदमानात तो कधी पोचतो यावरून केरळात कधी येईल हे काही सांगता येत नाही, हवामान खातंच तसं म्हणतं. आमच्या शिवाराचं तर सोडाच. ही एक सर होती. दुपारी बातमी आली की मान्सून त्याच दिवशी निकोबार बेटांवर आणि दक्षिण अंदमानच्या समुद्रात पोचला. म्हणजे नकाशावरची रेघ आमच्या डुंगीच्या बरीच खाली होती. पण फोनच्या पलीकडे माणूस बियाण्याचा हिशोब मांडून बसला होता, आणि त्याला आकाशाखाली उभा असलेला स्वतःचा मुलगा विचारायला मिळाला होता.

मी पाहिलं तेवढंच सांगितलं. नैऋत्येचा वारा, डोंगरामागून ढग, पाऊण तास पाऊस, वीस लिटरचा कॅन भरून वर डबा.

"किती मोठी ताडपत्री?"

"आपल्या कडब्याच्या ताडपत्रीच्या निम्मी."

अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. हिशोब करत असावेत. मग म्हणाले, "चांगलाय. पण शंभर मिलिमीटर पडल्याबिगर मी पेरत नसतो. तिथं पडून इथं काय उगवतंय? तू ओल्या अंगानं हिंडू नको." आणि ठेवला फोन. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. तरी विचारलं होतं.

किनाऱ्याला लागलो तेव्हा पाणी गुडघ्याएवढं उरलं होतं. मेकॅनिकलवाल्यानं न बोलता छत्तीसशे मोजून दिले, एलिफंट बीचचा विषय त्यानं काढला नाही. दादांनी नोटा ताडपत्रीच्या घडीत खोचल्या, भरलेला कॅन खांद्यावर घेतला, डबा माझ्या हातात दिला आणि घराकडे चालू लागले. वाळूतून त्यांच्या दारापर्यंत मी डबा पोचवला. एक थेंब सांडला नाही.