डाळिंबी गालांचं भूत

मैत्रिणींनो, (आणि मित्रांनो, तुम्हीसुद्धा! लगेच पान उलटू नका) गोरं दिसण्यासाठी धडपडणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण मेल्यासारखं दिसण्यासाठी कुणी खाऊचे पैसे साठवलेले पाहिलेत? मी पाहिलेत. आमच्या शेजारीच!

मी मूळची पुण्याची, पण बरीच वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. आमच्या भिंतीला भिंत लागून एक इंग्रज कुटुंब आहे. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची. माझी आई एकदा इथं आली होती, तेव्हा या मुलीला बघून म्हणाली, "अगंबाई, गाल आहेत की डाळिंब!" तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव डाळिंबी. मी तिला त्याचा अर्थ सांगितला, तर खूश व्हायचं सोडून ती रडकुंडीलाच आली. कारण शाळेत तिला मुलं 'टोमॅटो' म्हणून चिडवायची. वर्गात बाईंनी नुसतं नाव पुकारलं तरी हिचा चेहरा लाल. खोटं बोलली तर लाल, खरं बोलली तरी लाल! "माझ्या मनात काय चाललंय ते अख्ख्या वर्गाला आधी कळतं आणि मला मागून," असं ती एकदा म्हणाली होती.

अशा मुलीला व्हायचं होतं गॉथ. आता गॉथ म्हणजे काय? १९७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये एक नवं संगीत आलं. सूर उदास, आवाज खोल, गाणी काळोखाची. बाउहाउस, सूझी अँड द बॅन्शीज ही त्यातली गाजलेली मंडळी. आमच्या लीड्समध्येही १९८० साली सिस्टर्स ऑफ मर्सी नावाचा बँड निघाला. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह', म्हणजे वटवाघळांची गुहा, या नावाचा क्लब सुरू झाला, आणि तिथं येणाऱ्यांचा एक वेषच ठरून गेला. काळे कपडे, काळे केस, डोळ्यांभोवती काजळाची नक्षी आणि चेहरा पांढराफटक. भुताखेतांची पूजा वगैरे काही नसते हं यात. मला भेटलेले गॉथ तर इतके सौम्य, की बसमध्ये म्हाताऱ्यांना आधी जागा देतात.

तर एका संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं, तो समोर डाळिंबी. तिनं बाजारातून पांढऱ्या रंगाची ट्यूब आणून तोंडाला फासली होती. पण पांढरी कुठली व्हायला! झाली होती गुलाबी, थेट स्ट्रॉबेरी श्रीखंडासारखी. मी कॉलेजात असताना नाटकांच्या रंगपटात लुडबुड करायची, हे तिला ठाऊक होतं. म्हणून धावत माझ्याकडे आली.

खरं सांगू? माझ्या पोटात कसंसंच झालं. मी सावळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला राजकन्येची मैत्रीण केलं होतं आणि रंगवणाऱ्या काकांनी "जरा उजळ करू या" म्हणत माझ्या तोंडावर पांढऱ्या पॅनकेकचे थरावर थर दिले होते. मान मात्र तशीच राहिली! पिठाच्या गिरणीत डोकावून आल्यासारखी दिसत होते. तो फोटो अजून आईकडे आहे, आणि मी तो कुणाला दाखवू देत नाही. आता ही पोरही तसंच काही करायला निघालीय की काय? मी विचारलं, "गोरं दिसायचंय का तुला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "छे! गोरी तर मी आहेच. मला मेलेली दिसायचंय!"

आई असती तर "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणाली असती. मला मात्र हसू आलं, आणि आम्ही कामाला लागलो.

पांढऱ्याचं गुलाबी का झालं, ते आधी बघू. तुमच्या रंगपेटीतला लाल रंग कागदावर लावा आणि तो ओला असतानाच वरून पातळ पांढरा फिरवा. गुलाबीच होणार! डाळिंबीच्या गालांत हा लाल रंग रक्ताचा. तिची त्वचा पातळ. खालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या की रक्ताचा रंग वर दिसतो. वरच्या पातळ पांढऱ्यातूनही तो डोकावत होता. पांढऱ्याचे थर वाढवत गेलं तर चेहऱ्याचा पोपडा होतो, हसलं की भेगा पडतात. म्हणून लाल झाकायचा नाही, तो मारायचा. कशानं? हिरव्यानं! रंगचक्रात लालच्या अगदी समोर हिरवा बसतो. हे दोघं मिसळले की एकमेकांचा जोर मोडतात आणि उरतो करडा, विझलेला रंग. मेलेल्या माणसाला आणखी काय हवं!

चेहऱ्यासाठी अशी फिकट हिरवी क्रीम मिळते. पण तुमची रंगपेटी, खडू किंवा भिंतीचा रंग तोंडाला लावायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. सोळाव्या शतकात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी, इथल्या श्रीमंत बायका शिशाचा सफेदा चेहऱ्याला लावत. शिसं म्हणजे विषच. तेव्हा तोंडाला लावायचं ते तोंडासाठीच बनवलेलं हवं. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून एक दिवस वाट पाहायची. डाळिंबीला ती वाट पाहणं फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी हिरवी क्रीम फक्त गालांवर, नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर लावली, तीही बोटानं टपटप करत. घासलं की त्वचा चिडते आणि आणखी लाल होते. मग फाउंडेशन. तिनं आणलेल्या बाटलीतला रंग फिकट होता, पण त्यात गुलाबी झाक होती. म्हणजे रोग आणि औषध एकच! ती बाटली बदलून आम्ही किंचित पिवळसर झाकेची, तिच्या रंगापेक्षा एकच पायरी फिकट अशी आणली. त्यात त्या पांढऱ्या ट्यूबमधला थेंबभर मिसळला. तो हात मानेवरूनही फिरवला (माझा फोटो मी विसरले नव्हते!). वरून पावडर पफनं दाबली आणि खिडकीशी उजेडात जाऊन पाहिलं. दिव्याखाली सगळंच छान दिसतं.

तरी ती म्हणे, "अजून पांढरी हवी." मी म्हटलं, थांब. डोळ्यांभोवती काजळ आणि जांभळट सावली दिली. लालसर तपकिरी छटा मुद्दाम टाळल्या, त्या शेजारचा लाल जागा करतात. ओठांना काळसर जांभळा रंग दिला. शेवटी तिनं पणजीची काळी माळ घातली. ती जेटची होती. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड झालेलं लाकूड. मग आरसा दिला. ती चकितच झाली. चेहऱ्याला आणखी काही लावलं नव्हतं, पण काळ्याच्या शेजारी तो चंद्रासारखा फिका दिसत होता. एका राखाडी कागदाचे दोन तुकडे करा, एक काळ्या पाटीवर ठेवा, दुसरा पांढऱ्या वहीवर. कोणता उजळ दिसतो बघा.

आता खरी अडचण पुढेच होती. तिला जायचं होतं व्हिटबीला. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला ड्रॅक्युला इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतो, तो याच गावात. १९९४ पासून तिथं गॉथ लोकांचा मेळा भरतो. तिची आई मात्र तयार होईना. कारण विचारलं, तर हळूच म्हणाली, "सोफी."

२००७ च्या ऑगस्टमध्ये इथून जवळच, लँकाशायरमधल्या बेकप गावात, सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र रात्री एका बागेत होते. दोघांचा वेष असाच वेगळा. तेवढ्यावरून काही मुलांनी त्यांना बेदम मारलं. मित्र वाचला, सोफी गेली. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून केलेला गुन्हा म्हणून करू लागले.

"म्हणून मी तोंड धुवायचं?" डाळिंबीनं विचारलं. तिची आई गप्प बसली. मीही. शेवटी ठरलं, की मी बरोबर जायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं.

व्हिटबीला बोचरा वारा होता. १९९ पायऱ्या चढून आम्ही पडक्या मठाशी पोचलो, तेव्हा माझंच भूत व्हायची वेळ आली होती. तिथं उंच काळी टोपी घातलेले एक आजोबा डाळिंबीपुढे थांबले, टोपी काढून लवले आणि म्हणाले, "वा! चेहरा कसा केलास गं?"

ती एवढी खूश झाली, की मी घाबरून तिचे गाल बघितले. गाल जागच्या जागी, फिकेच. पण कान! दोन्ही कान पिकल्या टोमॅटोसारखे लालबुंद. कानांना हिरवी क्रीम लावायची राहिलीच होती. आजोबांनीही ते पाहिलं असावं. ती झटकन केस पुढं घेणार होती, पण वारा कुठला घेऊ देतोय!