गुहागरचे घर आणि अमेरिकेची नातवंडे

परदेशी जन्मलेली मुले सुटीत इकडे आली म्हणजे त्यांचे आईबाप त्यांस ‘आपला देश’ दाखवावयास निघतात. चार दिवस ताजमहाल व जयपूर, दोन दिवस मुंबईची खरेदी, आणि उरलेल्या वेळात नातलगांकडे एकेक जेवण! परत जाताना मुलांपाशी छायाचित्रे पुष्कळ असतात. परंतु ज्यांच्या घरी ती जेवली, त्यांची नावेही त्यांच्या ध्यानात राहत नाहीत. देश केवळ पाहिल्याने आपला होत नाही. तेथे कोणी तरी नात्याने हाक मारावी लागते आणि घरातील एखादे काम आपल्या वाट्यास यावे लागते. गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या पुतण्याची दोन मुले घेऊन आम्ही गुहागरास गेलो, तेव्हा हा विचार आमच्या मनात दृढ झाला.

चिपळुणाहून पश्चिमेस सुमारे ४५ किलोमीटर गेले, की गुहागर लागते. वरचा पाट व खालचा पाट अशी त्याची वस्ती समुद्रकाठाने लांबच लांब पसरली आहे. रस्त्यास लागून घर, घरापुढे सारवलेले खळे, मागे विहीर व नारळी-पोफळींचे आगर आणि आगराच्या टोकास समुद्र, अशी तेथील जुन्या घरांची मांडणी. पोफळींवर मिऱ्यांचे वेल चढविलेले असतात. त्यामुळे भर दुपारीही आगरात गारवा असतो. आमच्या वडिलार्जित घरी आता थोरले बंधू व वहिनी अशी दोघेच राहतात.

मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. दोघांचाही जन्म न्यू जर्सीचा. मराठी समजते, बोलताना मात्र अडखळतात. पहिल्याच दिवशी मुलीस एका गोष्टीचा मोठा अचंबा वाटला. तिकडे कोणी भेटले की प्रथम तिचे नाव विचारतात, आणि ते तिला दोनदा उच्चारून दाखवावे लागते. येथे रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक वृद्धेने विचारले, ते एवढेच : “कोणाची गं तू?” दुसऱ्या दिवशी तिने उत्तर पाठ केले, आजोबांचे नाव सांगून ‘त्यांची नात’ असे ती म्हणू लागली. तिसऱ्या दिवशी तिला कोणी विचारीनासे झाले. चुलता, मामा, आत्याचे यजमान व मावशीचे यजमान यांस इंग्रजीत एकच शब्द पुरतो. इकडे प्रत्येकाची जागा वेगळी, हेही तिला हळूहळू उमगले.

ते दिवस सुपारीचे होते. खळ्यात सुपारी वाळत घातलेली. ती सकाळी पसरावयाची आणि दंव पडण्यापूर्वी गोळा करून झाकावयाची. वहिनींनी हे काम मुलांकडे सोपविले. “अहो, पाहुणी आहेत ती,” असे आम्ही म्हणताच त्या म्हणाल्या, “पाहुणी असती, तर चहा दिला असता आणि निरोप दिला असता.” मुलगा आरंभी पोफळीच्या विरीवर बसून शेजारच्या मुलांकडून स्वतःस ओढवून घेण्यातच दंग होता; परंतु चौथ्या सायंकाळी आकाशाकडे पाहून सुपारी झाकावयास तोच प्रथम धावला.

व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत. तेथील शिवपंचायतनाचे दर्शन घेऊन आम्ही सभामंडपात बसलो असता मुलीने विचारले, “मग सगळे इथून गेले का?” प्रश्न मार्मिक होता. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ घाट चढून देशावर गेले व १७१३ साली पेशवे झाले. याच तालुक्यातील कोतळूक येथे १८६६ साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले पुण्यास जाऊन साऱ्या देशाचे झाले. पुढे मुंबईच्या नोकऱ्या आल्या. १९६५ च्या अमेरिकन कायद्यानंतर तिकडची दारेही उघडली. अभिवादनात आपण गोत्र, प्रवर, सूत्र व नाव सांगतो. त्यात गावाचा उल्लेख नाही. जाणाऱ्याबरोबर गोत्र जाते. घर मात्र जात नाही. त्यास कोणी तरी मागे राहून दिवा लावावा लागतो.

निघण्याच्या आदल्या रात्री मुलगी ओटीवर वहिनींपाशी बसली होती. तिने आपल्या मोडक्या मराठीत विचारले, “आजी, तू नसशील तेव्हा आम्ही कुणाकडे यायचं?” वहिनी काही बोलल्या नाहीत. बंधूंनी झोपाळा थांबविला. काही वेळाने ते एवढेच म्हणाले, “हे तुझ्या बाबांनी विचारायला हवं होतं.”

या प्रश्नास व्यवहाराचीही बाजू आहे. अशा मुलांस मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने आयुष्यभर येण्याजाण्याची मोकळीक मिळते, मताचा अधिकार मिळत नाही. सामान्य नियमाप्रमाणे त्यांस येथे शेतजमीन वा बागायत विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही स्वीकारता येत नाही. वारशाने मात्र ती त्यांजकडे येऊ शकते. म्हणजे जी वाट द्रव्यास बंद, ती नात्यास उघडी आहे. परंतु आमच्या कोकणात सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावे तशीच राहतात, सहहिस्सेदार देशोदेशी विखुरतात, आणि सह्या गोळा होईतो घराचे वासे खाली येतात.

म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांस आमची विनंती आहे. परदेशची नातवंडे आली, तर ताजमहाल पुढल्या खेपेस ठेवावा, आणि त्यांस सलग आठ दिवस एका घरी राहू द्यावे. त्यांचे फार कौतुक करू नये, काम सांगावे. वडील माणसे हयात आहेत तोवर वंशावळ लिहून घ्यावी व वारसनोंदी पुऱ्या कराव्यात. आणि मागे राहून घर सांभाळणाऱ्या वृद्ध दांपत्यास केवळ सुटीतच नव्हे, तर एरवीही विचारावे, की विहिरीचा पंप चालतो ना, पावसापूर्वी कौले परतावयास माणूस मिळाला ना. आमच्या पुतण्यास आम्ही हेच लिहिले आहे. पुढील वैशाखात तो एकटा येणार आहे, कागदपत्रे घेऊन.